परवानगी प्लॉटला, भार गल्लीवर

गंगापूर रोड असो, महात्मानगर असो की इंदिरानगर, जुना बंगला पाडायला जेसीबी आला की त्या गल्लीत ठरलेला वाद सुरू होतो. शेजारी म्हणतात, नाशिकची हवा गेली, झाडे गेली, आता नुसते टॉवर. बंगल्याचे मालक म्हणतात, मुले पुण्याला, आम्ही दोघेच, सहा खोल्या झाडायच्या कुणी? बिल्डर म्हणतो, शहर वाढतेच आहे, माणसांनी राहायचे कुठे? तिघांचेही आपापल्या जागी खरे आहे. तरी वाद पुढे सरकत नाही, कारण तिघेही मजले मोजत बसतात. सात चालतील की अकरा, अकरा झाले तर वीस का नकोत? या सगळ्या प्रश्नात मजल्यांचा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. नाशिकच्या उपनगरांत वस्ती दाट व्हायला हवी आणि जिथे रस्ते, नळ, शाळा, दवाखाने आहेत तिथेच ती आधी व्हायला हवी. पण आज ती ज्या रीतीने होते आहे, म्हणजे एकेका प्लॉटला सुटी सुटी परवानगी देऊन, ती रीत चुकीची आहे. परवानगी प्लॉटला मिळते आणि भार गल्लीवर पडतो. गल्लीचा हिशेब मात्र कुणाच्याच टेबलावर नसतो.

‘बंगले म्हणजेच खरे नाशिक’ हे वाक्य या वादात फार भाबडेपणाने वापरले जाते. आपल्या वस्त्यांची नावेच बघा. विसे मळा, काठे मळा, कुलकर्णी बाग. ही नावे बंगल्यांनी ठेवलेली नाहीत, ती शेतीची आहेत. सातपूर आणि अंबडची औद्योगिक वसाहत आली, नोकरदार आला, सहकारी गृहनिर्माण संस्थांनी मळे घेतले, 300 ते 500 चौरस मीटरचे प्लॉट पाडले आणि त्यावर बंगले उभे राहिले. 1982 साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व आसपासची गावे एकत्र करून महापालिका झाली, तेव्हा यातल्या कितीतरी कॉलन्या अर्ध्या रिकाम्या होत्या. म्हणजे आज आपण जे ‘मूळ रूप’ म्हणून वाचवू पाहतो ते फार तर पन्नास-साठ वर्षांचे आहे, आणि तेही आधीचे एक रूप मोडूनच आले आहे. मळ्याचा प्लॉट होऊ शकतो, तर प्लॉटवर इमारत का होऊ नये?

त्याहून जुने नाशिक बघायचे असेल तर गावठाणात जावे लागेल. भद्रकाली, सराफ बाजार, रविवार कारंजा, पलीकडे पंचवटी. तिथली वस्ती आजच्या बहुतेक उपनगरांपेक्षा दाट होती आणि तीही दोन-तीन मजल्यांत. वाड्यात मधे चौक, चौकातून उजेड आणि वारा, मागे आड. एका वाड्यात मालक, दोन-चार बिऱ्हाडे, पुढच्या ओट्यावर दुकान. आज हेच वाडे पावसाळ्यात कोसळतात, दर वर्षी धोकादायक म्हणून नोटिसा निघतात, आणि त्याकडे बोट दाखवून ‘दाटी झाली की बकालपणा येतोच’ असे सांगितले जाते. हे निदान चुकीचे आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. महिन्याला दहा-वीस रुपये भाडे येणाऱ्या मालकाने कौले बदलायची कशातून? भाडेकरूला हक्क मिळाला, पण दुरुस्तीची जबाबदारी कुणाचीच राहिली नाही. तुळया कुजल्या, भिंतीत पाणी मुरले, वारसदार पंचवीस झाले आणि कोर्टात गेले. वाडे पडले ते कायद्याच्या आणि पैशाच्या कोंडीमुळे.

आता बंगल्यांच्या बाजूने जे खरोखर वजनदार मुद्दे आहेत ते मान्य केले पाहिजेत. पहिला उन्हाचा. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 46-47 अंशांवर असतो. त्यामुळे 21 मीटर उंचीच्या, म्हणजे पार्किंग अधिक सहा मजल्यांच्या इमारतीची सावली उत्तरेला सुमारे 20 मीटर जाते. नियमाप्रमाणे बाजूचे अंतर उंचीच्या पाचव्या हिश्श्याइतके, म्हणजे 4.2 मीटर. थोडक्यात, दक्षिणेच्या प्लॉटवर इमारत झाली की उत्तरेच्या बंगल्याचा सोलर हीटर ऐन थंडीत बंद पडतो आणि छतावरच्या सौर पॅनलचा हिवाळ्यातला बराचसा हिशेब कोलमडतो. त्याची भरपाई कुठल्याच नियमात नाही. दुसरा मुद्दा झाडांचा. प्लॉटवरचा चाळीस वर्षांचा आंबा किंवा कडुनिंब तोडून त्याच्या बदल्यात लावलेली रोपे दुसऱ्याच टोकाला लागतात, आणि गल्लीतली सावली जाते ती जातेच. तिसरा मुद्दा खोदाईचा. आपल्याकडे मुरमाखाली काळा पाषाण लागतो. तळघरासाठी ब्रेकर महिनाभर चालतो, शेजारच्या कम्पाउंडला चिरा जातात, आणि उपसलेली माती कुंपणाला टेकवून ठेवलेली असली की पहिल्या जोरदार पावसात भिंत आडवी होते. हे त्रास खरे आहेत आणि ते सोसणाऱ्याला ‘विकासविरोधी’ म्हणणे अन्यायाचे आहे.

पण म्हणून बंगले आहेत तसेच ठेवायचे ठरवले, तर शहर थांबणार आहे का? ते आडगाव, म्हसरूळ, विल्होळी, गिरणारेच्या दिशेने पसरते. द्राक्षबागा, पेरूच्या बागा, भाजीचे मळे यांतून रस्ते जातात. मखमलाबाद-हनुमानवाडी परिसरात साडेसातशे एकरांच्या आसपास जमिनीवर नगररचना योजना आखली गेली तेव्हा शेतकऱ्यांनी केलेला विरोध आठवा. गोदाकाठची ती ओलिताची जमीन आहे. महात्मानगरातल्या शांततेची किंमत मखमलाबादच्या शेतकऱ्याने का मोजावी? शिवाय प्रत्येक नव्या टोकाला पाण्याची लाइन न्यायची म्हणजे गंगापूर किंवा मुकणे धरणातून आलेले पाणी आणखी लांब ढकलायचे. ड्रेनेज तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचकच्या मलनिस्सारण केंद्रांपर्यंत आणायचे तर त्याला उतार लागतो आणि उतार नसेल तिथे पंपिंग. घर लांब गेले की माणूस दुचाकीवर आला, पोरगा नोकरीला लागला की चारचाकीवर. पसरट शहर महाग पडते, आणि ते महागपण शेवटी घरपट्टी-पाणीपट्टीतूनच वसूल होते. बिल्डरांच्या बाजूचा हा मुद्दा मला पूर्ण पटतो. त्यांचा पुढचा मुद्दा, म्हणजे ‘म्हणून एफएसआय वाढवा, बाकी आपोआप होईल’, हा मात्र पटत नाही. (एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण.) का पटत नाही, ते एका गल्लीच्या हिशेबातून दाखवतो.

9 मीटरच्या रस्त्यावरची एक गल्ली घ्या. दोन्ही बाजूंना दहा-दहा बंगले, प्लॉट 400 चौरस मीटरचा, रुंदी 16 मीटर. गल्लीची लांबी 160 मीटर. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभरासाठी आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे मूळ एफएसआय 1.10. प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसरीकडच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क) धरून 9 ते 12 मीटर रस्त्यावर तो 2.00 पर्यंत जातो, 30 मीटरच्या रस्त्यावर 3.00 पर्यंत. त्यावर पैसे भरून निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळते. म्हणजे 400 च्या प्लॉटवर कागदावर 1,280 चौरस मीटर. बाजूची अंतरे सोडून एवढे सगळे बसतेच असे नाही, म्हणून 1,000 धरू. 100 चौरस मीटर बांधकामाचा एक फ्लॅट म्हटला तर एका बंगल्याच्या जागी 10 कुटुंबे. वीसच्या वीस बंगले गेले की 200 कुटुंबे, 800 माणसे. पूर्वी बंगल्यात पाच धरले तर 100 होती.

पाणी आधी बघू. माणशी दिवसाला 135 लिटर हे प्रमाण. पूर्वी गल्लीला 13,500 लिटर लागत होते, आता 1,08,000. नळाला पाणी 2 तास येते असे धरा. तेवढ्या वेळात हे सगळे ओढायचे म्हणजे सेकंदाला 15 लिटर. बंगल्यांच्या काळात टाकलेली गल्लीतली लाइन बहुधा 100 मिलिमीटरची. जुन्या लोखंडी पाइपचा घर्षणाचा हिशेब केला तर पूर्वी गल्लीच्या शेवटापर्यंत दाबात जेमतेम 8 सेंटिमीटरची घट होत होती. आता ती पावणेचार मीटरच्या आसपास जाते. उपनगरात नळाला एकूण दाबच सात-आठ मीटरचा असेल, तर शेवटच्या घराचा निम्मा दाब गल्लीतच संपला. मग काय होते ते कुठल्याही व्हॉल्व्हमनला विचारा. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इमारतींच्या जमिनीतल्या टाक्या आधी भरतात, शेवटच्या बंगल्यात बादली भरत नाही. मग तो माणूस नळाला थेट मोटर लावतो. शेजारी लावतो. सगळ्यांनी ओढायला सुरुवात केली की लाइनमध्ये उलटी ओढ तयार होते आणि जिथे पाण्याची लाइन ड्रेनेजच्या चेंबरजवळून जाते, तिथल्या ढिल्या सांध्यातून बाहेरचे घाण पाणी आत खेचले जाते. गढूळ, वास येणाऱ्या पाण्याच्या तक्रारी बऱ्याचदा अशाच जन्माला येतात. उपाय काय? तीच लाइन 150 मिलिमीटरची केली तर दाबाची घट सातव्या हिश्श्यावर, म्हणजे अर्ध्या मीटरवर येते. पाइपचा व्यास दीडपट, त्रास सातपट कमी. सगळी गल्ली बदलायला लागणारा हा खर्च एका इमारतीच्या प्रीमियमपुढे किरकोळ आहे. पण तो करायचा कुणी? पहिल्या बिल्डरच्या वेळी जुनी लाइन पुरते, दुसऱ्याच्या वेळीही ओढूनताणून पुरते, आणि सहाव्या इमारतीनंतर बोंब होते तेव्हा पहिले पाच बिल्डर पूर्णत्वाचे दाखले घेऊन मोकळे झालेले असतात.

ड्रेनेजबद्दल मात्र सर्वसाधारण समज उलटा आहे. ‘एवढ्या फ्लॅटचे सांडपाणी जुन्या लाइनला झेपणार नाही’ असे सरसकट म्हटले जाते. हिशेब करू. 1,08,000 लिटरपैकी 80 टक्के सांडपाणी म्हणजे 86,400 लिटर, म्हणजे सेकंदाला सरासरी बरोबर 1 लिटर. सकाळच्या गर्दीत तिप्पट धरले तरी 3 लिटर. 150 मिलिमीटरची ड्रेनेज लाइन 150 ला 1 या उताराने नीट टाकलेली असेल तर ती सेकंदाला 12 लिटर वाहून नेते. म्हणजे गल्लीतली लाइन चांगली चौपट मोकळी आहे. (पुढची मोठी लाइन, जिथे अशा तीस-चाळीस गल्ल्या येऊन मिळतात, तिचा प्रश्न वेगळा आणि तो खरा आहे.) मग पावसाळ्यात चेंबर का उसळतात? कारण त्यात पाऊस घातलेला असतो. वीस प्लॉटचे क्षेत्र 8,000 चौरस मीटर. तासाला 50 मिलिमीटरची सर आली तर त्यावर 4 लाख लिटर पाणी पडते. बंगल्याच्या बागेत, मागच्या परसात, पायवाटेच्या मातीत त्यातले बरेच मुरत होते. इमारत झाली की गच्ची, रॅम्प आणि पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक मिळून नव्वद टक्के पाणी वाहून बाहेर येते, सेकंदाला 100 लिटरच्या घरात. पावसाळी गटार गल्लीत नाही किंवा गाळाने बुजलेले, म्हणून गच्चीचा पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडून दिला जातो. 12 लिटरच्या नळीत 100 लिटर. तळमजल्याच्या संडासातून पाणी वर येते ते माणसे वाढल्यामुळे नाही, तर माती झाकल्यामुळे आणि हा चोरटा जोड दिल्यामुळे. बंगलेवाल्यांनी आणि बिल्डरने खरे तर यावर भांडायला हवे. प्लॉटची किती जागा मातीची राहणार? गच्चीचे पाणी नेमके कुठे जाणार? शोषखड्डा काळ्या पाषाणात खणला आहे की मुरमात, आणि त्यात पाणी उतरते का, हे दाखल्याआधी एक टँकर ओतून कुणी बघितले का?

रस्त्याचेही असेच. कागदावर 9 मीटर, पण डांबर साडेपाच ते सहा मीटर. बाकीच्या पट्ट्यात खांब, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), कुणाची बाग, कुणाचा उतार. एका बाजूला गाड्या लागल्या तर 1.8 मीटर जातात आणि चार मीटर उरतात, तेवढ्यात काम भागते. दोन्ही बाजूंना लागल्या तर दोन-सव्वादोन मीटर उरतात. अग्निशमनाची गाडी अडीच मीटर रुंद असते. मजला पाचवा आहे की पंधरावा, हा प्रश्न ती गाडी पोहोचल्यानंतरचा. 9 मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर जादा एफएसआय मिळत नाही, म्हणून नाशिकमध्ये 6 आणि 7.5 मीटरच्या गल्ल्या महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली 9 मीटर करण्याचा मार्ग निघाला. कल्पना वाईट नाही. पण जागा सुटते ती जिथे नवे बांधकाम होते तिथेच. एका प्लॉटचे कुंपण पाऊण मीटर आत, पुढच्याचे जुन्या रेषेवर, तिसऱ्याचे पुन्हा आत. आत सरकलेल्या तुकड्यावर खांब तसाच उभा, शेजारी फरशी घालून सोसायटीच्या दोन गाड्या लावलेल्या. नकाशावर गल्ली 9 मीटरची झाली, त्या आधारावर एफएसआय वापरला गेला, आणि चाकांसाठी रस्ता होता तेवढाच राहिला. परवानगी प्लॉटला देण्याच्या पद्धतीचा याहून स्पष्ट नमुना नाही.

विजेचा हिशेब थोडक्यात. 200 फ्लॅट, प्रत्येकी 5 किलोवॅट, एका वेळी निम्माच वापर धरला तरी 500 किलोवॅट. जुनी डीपी 100-200 केव्हीएची. नव्या डीपीला जागा लागते आणि ती जागा कुणाच्याच नकाशात नसते.

आता घरांच्या प्रकाराकडे येऊ, कारण दाट वस्तीच्या नावाखाली जे बांधले जाते ते बऱ्याचदा दाट नसतेच. त्याच 400 चौरस मीटरवर 1,000 चौरस मीटर बांधकाम करून मजल्याला एक, असे 200 चौरस मीटरचे पाच फ्लॅट काढले तर किती कुटुंबे राहिली? पाच. 65 चौरस मीटरच्या प्लॉटवरचे तळमजला अधिक एक मजल्याचे रो-हाउस घ्या, पाथर्डी फाटा, राणेनगर, जेलरोड भागात आहेत तसे. 400 चौरस मीटर निव्वळ जागेत तसे सहा बसतात. म्हणजे पार्किंगवर पाच मजले चढवूनही कुटुंबे रो-हाउसपेक्षा कमी, गाड्या मात्र प्रत्येकी दोन-तीन. उंच दिसते म्हणून दाट आहे असे समजणे ही या वादातली सर्वांत महागडी गफलत आहे. सावली पडली, माती झाकली, झाड गेले, आणि एवढे सगळे करून शहराला घरे मिळाली पाच.

त्याच वेळी 1985 ते 1995 या काळातल्या तीन-चार मजली इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यांत साडेचारशे-पाचशे चौरस फुटांचे वन बीएचके आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यातला ऑपरेटर, दवाखान्यातली परिचारिका, क्लासला आलेली मुले, पेन्शनवर राहणारे जोडपे अशी माणसे तिथे राहतात, आणि त्यांतली बरीच भाड्याने. मालकाला नव्या इमारतीत वाढीव जागा मिळते, भाडेकरूला महिन्याची नोटीस. नवे फ्लॅट टू आणि थ्री बीएचके. छोटे घर त्या भागातून कायमचे गेले. परिचारिका विल्होळीला गेली आणि रात्रपाळीला तिथून येऊ लागली. छोट्या घरांसाठी नियम आहे, नाही असे नाही. 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या क्षेत्रावर मूळ एफएसआयच्या 20 टक्के बांधकाम लहान आकाराच्या घरांसाठी ठेवावे लागते. त्याची अंमलबजावणी हा विषय नाशिकच्या संदर्भात 2022 साली विधिमंडळात गाजला होता. पण नियम चोख पाळला तरी 400 च्या प्लॉटला तो लागूच होत नाही. आणि जुन्या उपनगरातली जवळजवळ सगळी वाढ अशाच प्लॉटवर होते आहे.

कुणी म्हणेल, गंगापूर रोडला छोटा फ्लॅट विकला जात नाही. जमिनीचा भाव बघता चौरस फुटाचा दर कमी करता येत नाही हे मान्य. पण घर छोटे असले की एकूण रक्कम छोटी होते, आणि कॉलेज रोडच्या आसपास भाड्याने घर शोधणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. मला सुचते ते असे. जो टीडीआर किंवा प्रीमियम एफएसआय घेईल त्याने दर चार फ्लॅटमागे एक 40-45 चौरस मीटर कार्पेटच्या आतला ठेवावा, प्लॉट कितीही लहान असो. मूळ 1.10 मध्ये बांधणाऱ्याला ही अट नको. जादा मागायचे तर गल्लीला काही परत द्यावे लागेल, इतके साधे.

सिडकोचे उदाहरण इथे दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. नवीन नाशिकच्या सहा योजनांत सिडकोने वीस हजारांहून अधिक घरे बांधली, बरीचशी एकमजली आणि लहान. उत्तमनगर, पवननगर, सावतानगर, तोरणानगर. कामगाराला स्वतःचे घर मिळाले. पुढे कुटुंब वाढले तसे लोकांनी वर मजला चढवला, मग दुसरा. एकाही मोठ्या बिल्डरशिवाय वस्ती दुपटी-तिपटीने दाट झाली आणि घरभाडे परवडणारे राहिले. मुलगा वर, आई-वडील खाली, पुढे किराणा. हे यश आहे आणि त्याचे श्रेय त्या कुटुंबांना द्यायला हवे. पण चूक काय झाली तीही बघा. वरचे मजले बाहेर झुकत गेले, समोरासमोरच्या गॅलऱ्या हाताच्या अंतरावर आल्या, विजेच्या तारा खिडकीजवळून गेल्या, एकमजली घरासाठी भरलेल्या पायावर तीन मजले चढले, आणि गल्लीची नळ-ड्रेनेजची लाइन मूळच्या कुटुंबसंख्येवरच राहिली. लोकांनी वाढायचे ठरवले होते, यंत्रणेने त्यांच्याकडे फक्त ‘अतिक्रमण’ म्हणून पाहिले. त्याऐवजी पाया कसा तपासायचा, कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून काँक्रीटचे वेष्टन, कुठे करायचे, गॅलरी किती बाहेर चालेल याचा तयार नमुना दिला असता आणि त्याच वेळी गल्लीतली लाइन बदलली असती, तर?

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी दादरला जाऊन यावे. 1896 च्या प्लेगने मुंबई हादरली, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढच्या काही दशकांत दादर-माटुंग्याच्या योजना उभ्या राहिल्या. क्रम कसा होता? आधी रस्ते आखले, गटारे टाकली, मैदाने आणि बागा राखल्या, झाडे लावली, मग प्लॉट दिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीत इमारती मोजक्या मजल्यांच्याच होत्या, पण तिथे बंगल्यांच्या कितीतरी पट माणसे राहिली आणि आजही ती मुंबईतली राहायला चांगली ठिकाणे समजली जातात. आपल्या एकत्रित नियमावलीत मात्र 2 हेक्टरपेक्षा लहान लेआउटला सुविधा भूखंड सोडावाच लागत नाही. मखमलाबाद-म्हसरूळकडे एकरा-दोन एकरांचे लेआउट एकाला एक लागून पडत जातात. शंभर एकर भरतात आणि शाळेला, दवाखान्याला, भाजीबाजाराला जागा कुठेच उरत नाही. इथेही तेच, हिशेब तुकड्याचा आणि गरज वस्तीची.

तेव्हा गल्लीचा हिशेब म्हणजे नेमके काय? प्रत्येक गल्लीची एक नोंद. पाण्याच्या लाइनचा व्यास आणि शेवटच्या नळाचा दाब. ड्रेनेजचा व्यास, उतार, ती कुठल्या मोठ्या लाइनला मिळते. पावसाचे पाणी कुठल्या नाल्याला जाते. डीपीची क्षमता. रस्त्याची मोकळी रुंदी, नकाशातली नव्हे तर दोन अडथळ्यांमधली. ही माहिती आजही आहे, पण पाणीपुरवठा, मलनिस्सारण, बांधकाम, नगररचना आणि महावितरण अशा पाच ठिकाणी विखुरलेली. ती एकत्र केली की त्या गल्लीला आज किती कुटुंबे पेलतात तो आकडा निघतो. तेवढ्यापर्यंत परवानग्या विनासायास द्याव्यात, शेजाऱ्यांच्या हरकतीवर अडवू नयेत. आकडा ओलांडायचा असेल तर आधी गल्लीची क्षमता वाढवावी. त्याला पैसा लागतो, आणि तो जमतोच आहे. प्रीमियम, विकास शुल्क, पूरक क्षेत्राचे पैसे. फक्त ते सगळ्या शहराच्या एकाच हंड्यात पडतात. त्यातला ठरलेला हिस्सा त्याच गल्लीच्या खात्यावर राहिला पाहिजे.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप असा की आणखी एक नोंद म्हणजे आणखी एक टेबल, आणखी एक ना-हरकत, आणखी उशीर. नाशिककरांना हे सांगायला नको. कपाटांची जागा एफएसआयमध्ये धरायची की नाही, या प्रश्नावरून कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले वर्षानुवर्षे अडकले होते. लोक राहायला गेले, हप्ते सुरू झाले आणि दाखला नाही. तो अनुभव ताजा असताना नव्या अटीची भीती वाटणे साहजिक आहे. पण कपाटांचा घोळ झाला कशामुळे? नियमाचा अर्थ इमारत उभी राहिल्यावर लावला गेला म्हणून. गल्लीचा आकडा आधीच जाहीर असेल, फलकावर आणि संकेतस्थळावर लिहिलेला असेल, तर जमीन घेणाऱ्यालाही तो सौद्याआधी कळेल. पाच कुटुंबांची क्षमता उरलेल्या गल्लीत वीस फ्लॅटचा भाव मग कुणी देणार नाही. उशीर आणि गैरव्यवहार दोन्हींना जागा मिळते ती आकडा अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतो तेव्हा.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी तर हे स्वतःच करावे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79-अ खालच्या 2019 च्या सुधारित निर्देशांमुळे 51 टक्के संमतीवर काम पुढे जाऊ शकते, म्हणून सभा घाईने उरकल्या जातात आणि चर्चा एकाच गोष्टीची होते, वाढीव कार्पेट किती टक्के. त्याआधी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे होणे, झाले आहे का, संरचना तपासणीचा अहवाल खरोखर पाडण्याची शिफारस करतो की दुरुस्तीची, हे बघायला हवे. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची तपासणी दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी व्हायची असते. ती कधीच केलेली नसते आणि एकदम बिल्डरने नेमलेल्या अभियंत्याचा कागद समोर येतो. नकाशात जमिनीखालची टाकी किमान दोन दिवसांच्या पाण्याची आहे का? गच्चीचा पाइप ड्रेनेजला तर जोडलेला नाही ना? हे प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारायचे. नंतर टँकरचे बिल सभासदच भरतात.

2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्त्यांवर मोठा खर्च होतो आहे आणि उपनगरातल्या प्रत्येक गल्लीला काँक्रीट हवे आहे. डांबर खणून पुन्हा भरता येते. काँक्रीट एकदा ओतले की खालची 100 मिलिमीटरची लाइन पुढची पंचवीस-तीस वर्षे तशीच राहणार, किंवा दर नव्या इमारतीगणिक कटर लावून रस्ता फुटणार आणि तो जोड कधीच पूर्वीसारखा बसणार नाही. म्हणून क्रम ठरवून घ्यायला हवा. सर्वांत खोल ड्रेनेज, उतार लेव्हल लावून तपासलेला. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला आणि त्याहून वर पाण्याची 150 ची लाइन, दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह. कडेला पावसाळी गटार, झाकण उचलता येईल असे. केबलसाठी नळ्या. आणि प्रत्येक प्लॉटसमोर रस्त्याखालून आडवा एक रिकामा पाइप, दोन्ही तोंडे बंद करून, कम्पाउंडच्या भिंतीवर खूण करून ठेवलेला. काँक्रीटची गाडी त्यानंतर बोलवावी.